आईला दिसलेल्या मुंग्या

"अगं, त्याच्या गालावर मुंग्या चालतायत," आई म्हणाली.

खरंच चालत होत्या. नायक खिडकीपाशी उभा, चेहऱ्यावर एका बाजूने उजेड, आणि गालापासून कानाखालच्या सावलीपर्यंत बारीक काळे-पांढरे ठिपके वळवळत होते. मागची भिंत तर उकळत्या पाण्यासारखी खदखदत होती. नवा ६५ इंची टीव्ही घरात येऊन चार दिवस झाले होते. बातम्या, सामने, नव्या मालिका पाहताना काहीच खटकलं नव्हतं. त्या रात्री पहिल्यांदा आईच्या आवडीचा जुना कृष्णधवल सिनेमा लावला, तोही मुद्दाम चांगली डिस्क मिळवून, आणि अर्ध्या तासात तिने डोळे चोळायला सुरुवात केली. तिच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली आहे. आता तिला पूर्वीपेक्षा लख्ख दिसतं, आणि जे खुपायचं तेही लख्ख खुपतं.

पुढचे तीन आठवडे मी रोज रात्री थोडा वेळ याच कामाला दिला. ते सगळं लिहून ठेवते आहे, कारण पहिल्या रात्री मी जे केलं तेच बहुतेक जण करत असणार आणि त्यात सिनेमाचं नुकसान होतं.

मेनूत 'नॉइज रिडक्शन', म्हणजे चित्रातले नको ते ठिपके पुसणं, असं सरळ लिहिलेलं होतं. बंद, कमी, मध्यम, जास्त, आपोआप. मी थेट 'जास्त'वर गेले. त्याच्या खाली 'एमपेग नॉइज रिडक्शन' होतं, तेही 'जास्त' केलं. मुंग्या गेल्या. आई म्हणाली, "आता कसं स्वच्छ!" आणि आम्ही सिनेमा पुढे बघायला लागलो.

दहा-पंधरा मिनिटं बरं वाटलं. मग नायिकेचा अगदी जवळून घेतलेला शॉट आला आणि तिच्या चेहऱ्यावर त्वचाच नव्हती. कपाळावरची बारीक आठी, ओठांच्या वरची लव, डोळ्यांखालची सुरकुती, सगळं सपाट. मेणाचा पुतळा बोलतो आहे असं वाटत होतं. तिने मान वळवली की गालाचा पोत क्षणभर मागेच राहायचा आणि मग झटकन येऊन चिकटायचा. मागच्या विटांच्या भिंतीचंही तेच. कॅमेरा स्थिर असला की विटा दिसायच्या, हलला की पुसल्या जायच्या, थांबला की परत उगवायच्या.

पण मला खरं थांबवलं ते पावसाने. नायक रात्री रस्त्यावरच्या दिव्याखालून भिजत चालला आहे असा एक प्रसंग आहे. हा सिनेमा मी लहानपणापासून पाहत आले आहे. दिव्याच्या झोतात पावसाच्या रेघा चमकतात, तो प्रसंग त्या रेघांवरच उभा आहे. आमच्या टीव्हीवर नायक चिंब होता, आवाज मुसळधार होता आणि दिव्याखाली जवळजवळ पाऊसच नव्हता. नॉइज रिडक्शन बंद केलं, पाऊस आला. चालू केलं, पाऊस गेला. चार वेळा करून पाहिलं.

याचं कारण समजायला अवघड नाही. टीव्ही लागोपाठच्या फ्रेम एकमेकींशी ताडून पाहतो. दोन्हींत सारखं आहे ते चित्र, एकीत आहे आणि पुढचीत नाही तो कचरा, असा त्याचा हिशेब. मग फ्रेमची सरासरी काढून तो कचरा पुसून टाकतो. ग्रेन, म्हणजे फिल्मवरचे हे मुंग्यांसारखे ठिपके, या व्याख्येत चपखल बसतो. पण पावसाचा थेंबही बसतो आणि उन्हाच्या तिरपेत तरंगणारी धूळही. शिवाय एकाच फ्रेममधले शेजारशेजारचे बिंदू एकमेकांत कालवून गुळगुळीत करण्याचं कामही चालू असतं. त्वचा त्यात जाते.

दोन्ही बंद केलं. मुंग्या परत आल्या. आई झोपायला गेली आणि मी ग्रेन म्हणजे नेमकं काय ते वाचत बसले.

कृष्णधवल फिल्मवर जिलेटिनच्या पातळ थरात सिल्व्हर हॅलाइडचे सूक्ष्म स्फटिक असतात. ज्यांच्यावर प्रकाश पडला त्यांची डेव्हलपिंगमध्ये काळी धातुरूप चांदी होते, उरलेले फिक्सिंगमध्ये निघून जातात. चेहरा, भिंत, आकाश जे काही दिसतं ते या चांदीच्या कणांनीच रेखलेलं असतं. आपल्याला दिसतो तो सुटा कण नसतो, एकावर एक आलेल्या पुष्कळ कणांचा पुंजका असतो. रंगीत फिल्ममध्ये चांदी शेवटी काढून टाकतात आणि तिच्या जागी रंगद्रव्याचे पुसट ढग राहतात. कमी उजेडात चालणाऱ्या वेगवान फिल्मचे स्फटिक मोठे असतात, म्हणून तिचा ग्रेन ठसठशीत. आणि सेकंदाला २४ फ्रेम पळतात. प्रत्येक फ्रेम म्हणजे फिल्मचा वेगळा तुकडा, प्रत्येकीवर कणांची मांडणी वेगळी. ग्रेन स्थिर न राहता वळवळतो तो यामुळे.

मग मी पडद्याचं माप घेतलं. ३५ मिमी फिल्मवरची जुन्या पद्धतीची चौकट साधारण २२ × १६ मिमी असते. माझ्या पडद्याची उंची ८१ सेंटीमीटर, त्यात ते चित्र सुमारे ११० सेंटीमीटर रुंद होतं. म्हणजे पन्नास पट. १६ मिमी फिल्मची चौकट १०.३ × ७.५ मिमी, म्हणजे तिचं चित्र तेवढ्याच जागेत शंभर पटींहून अधिक फुगवलं जातं. आमचा जुना टीव्ही ३२ इंची होता. कर्ण निम्मा, क्षेत्रफळ पाव. एवढी वर्षं हाच ग्रेन आमच्या समोर होता, फक्त डोळ्याला वेगळा काढता येणार नाही इतका बारीक.

त्या आकड्यांनी माझी मागणी बदलली. कण घालवायचे नव्हते. फिल्मवर आहेत तेवढेच दिसतायत की टीव्ही त्यांत भर घालतोय, एवढंच शोधायचं होतं.

दुसऱ्या दिवशी तोच खिडकीचा प्रसंग लावून पॉज केला आणि पडद्याच्या अगदी जवळ गेले. ही चाचणी कुणालाही करता येते आणि ती फार काही सांगते. पॉज केल्यावर ठिपके गोठले, तर ते येणाऱ्या चित्रातच आहेत. गोठलेल्या चित्रावरही वळवळ चालू राहिली, तर ती टीव्हीच्या स्वतःच्या प्रक्रियेतून येते आहे. ठिपक्यांऐवजी चौकोनी फरश्या दिसल्या, किंवा अक्षरांच्या आणि कडांच्या भोवती डासांचा घोळका घोंघावल्यासारखा दिसला, तर तो ग्रेन नव्हेच, चित्राची फाइल दाबून लहान केल्याचा परिणाम आहे. त्यावर इलाज वेगळा.

माझे ठिपके गोठले. पण जवळून पाहिल्यावर आणखी काही दिसलं. प्रत्येक काळ्या ठिपक्याला एक पांढरी किनार होती. मग खिडकीच्या गजांकडे पाहिलं. प्रत्येक गजाच्या दोन्ही बाजूंना तशीच बारीक पांढरी रेघ, जणू कुणी खडूने आखली आहे. ती फिल्मवर असणं शक्य नव्हतं. ती टीव्ही काढत होता.

एक वही घेतली. तीन प्रसंग ठरवले: गालावरच्या मुंग्यांचा खिडकीचा प्रसंग, पावसाची रात्र, आणि कॅमेरा रिकाम्या आकाशावरून हळूहळू खाली येतो तो शॉट. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, तिन्ही प्रसंग पाहायचे आणि लिहायचं, हा नियम. वेळही ठरलेली, अंधार पडल्यावर, खोलीतला एकच दिवा चालू ठेवून. दिवसाउजेडी बसवलेले आकडे रात्री चुकीचे वाटतात, हे पहिल्याच आठवड्यात कळलं.

सुरुवात शार्पनेसपासून केली आणि सगळ्यांत जास्त वेळही त्यालाच लागला. नावावरून वाटतं की याने चित्रातला तपशील वाढतो. प्रत्यक्षात टीव्ही उजळ आणि गडद भाग जिथे भेटतात ती सीमा शोधतो आणि सीमेच्या एका बाजूला आणखी उजळ, दुसऱ्या बाजूला आणखी गडद करतो. लांबून कड धारदार भासते. नवीन तपशील एकही येत नाही. आणि ग्रेनच्या प्रत्येक कणाला चहूबाजूंनी कडच असते! हजारो कण, प्रत्येकाला किनार. टीव्ही ज्या 'स्टँडर्ड' मोडवर आला होता त्यात शार्पनेस ५० पैकी २५ होता. मी पाच-पाचने खाली आले. २० वर गजांच्या रेघा बारीक झाल्या, १० वर शोधाव्या लागल्या, ० वर गेल्या. गजांबरोबर गालावरच्या ठिपक्यांच्या किनारीही गेल्या. ठिपके राहिले, पण करडे, मऊ, एकमेकांत मिसळणारे.

एक गोष्ट इथे नीट सांगायला हवी. शून्य म्हणजे 'काहीही भर नाही', हे माझ्या टीव्हीपुरतं खरं आहे. काही कंपन्यांच्या टीव्हीत मधला आकडा तटस्थ असतो आणि त्याखाली गेलं की चित्र मुद्दाम धूसर केलं जातं. त्यामुळे दुसऱ्याचा आकडा उचलून उपयोग नाही. गज, विजेच्या तारा, दूरच्या इमारतीची कड, असं काहीतरी सरळ आणि गडद असलेलं चित्र पॉज करून पाहावं. किनार जिथे नाहीशी होते आणि चित्र अजून धूसर झालेलं नसतं, तो आकडा आपला. बाहेरच्या प्लेअरमधून येणारी सबटायटल असतील तर त्यांची अक्षरंही कामाला येतात, कारण तीही चित्राबरोबर त्याच प्रक्रियेतून जातात. पांढऱ्या अक्षराभोवती काळी सावली दाटली, की शार्पनेस जास्त आहे.

पहिल्या रात्री शून्यावर चित्र मला मवाळ वाटलं, हेही खरं. चार दिवस त्या टोकदार चित्राची सवय झाली होती. तीन दिवसांनी मुद्दाम परत २५ वर नेलं, तर चेहरा टाचणीने कोरल्यासारखा दिसला आणि मला ते क्षणभरही पाहवेना.

शार्पनेस खाली आला तरी आकाशाच्या शॉटमध्ये मात्र फारसा फरक पडला नाही. तिथे ना गज, ना कड. नुसतं करडं आकाश आणि त्यात भरड, रवाळ खदखद. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. शेवटी गुन्हेगार सापडला तो 'डायनॅमिक कॉन्ट्रास्ट'. हा पर्याय चित्रातल्या उजळ-गडद छटांमधलं अंतर ताणून मोठं करतो. ज्या प्रसंगात मुळातच अंतर कमी आहे, सपाट आकाश, धुकं, पांढरी भिंत, तिथे ताणायला उरतो तो कणाकणांतला फरकच. दोन करड्या छटा फिल्मवर जेमतेम वेगळ्या होत्या, त्या पडद्यावर राखाडी आणि पांढऱ्या झाल्या. तो बंद करताच आकाश पुन्हा आकाश झालं. त्याच पानावर 'सुपर रिझोल्यूशन' नावाचं काहीतरी 'मध्यम'वर होतं. कमी बिंदूंचं चित्र मोठ्या पडद्याला पुरवताना टीव्ही त्यात पोत शोधून ठळक करतो, आणि ग्रेन त्याला पोतच वाटतो. तेही बंद. मग लक्षात आलं की प्लेअरच्या स्वतःच्या मेनूतही शार्पनेस आहे, आणि तोही दोन पायऱ्या वर ठेवलेला. म्हणजे चित्र टीव्हीपर्यंत पोचायच्या आधीच एकदा घासलं जात होतं. हे तपासायला सांगणारं मला कुणी भेटलं नव्हतं, म्हणून आवर्जून लिहिते. सेट-टॉप बॉक्स, प्लेअर, गेमचा कन्सोल, जे काही जोडलं असेल त्याच्या मेनूत एकदा डोकवावं.

पावसाच्या रात्रीचा प्रश्न वेगळा निघाला. रेघा आता दिसत होत्या, पण काळ्या आभाळात करडा धूर हलल्यासारखं वाटत होतं. ब्राइटनेस जरा जास्त होता. ब्राइटनेस या नावाखाली बऱ्याच टीव्हीत काळ्या रंगाची पातळी बदलते, पडद्याचा एकूण प्रखरपणा दुसऱ्याच नावाने असतो. काळा वर उचलला गेला की सावलीत दडलेला ग्रेन उजेडात येतो. सिनेमाच्या डाव्या-उजव्या बाजूंना ज्या काळ्या पट्ट्या होत्या त्यांच्याशी तुलना करत मी तो खाली आणला, नायकाच्या काळ्या कोटाच्या घड्या दिसेनाशा व्हायच्या एक पायरी आधी थांबले. गॅमा, म्हणजे मधल्या करड्या छटा किती उजळ हे ठरवणारा आकडा, २.२ वरून २.४ केला, पण तो खोली अंधारी असतानाच ठीक. दिवसा त्याने सावल्या बुजतात.

मोशन स्मूदिंग मला मुळातच आवडत नाही, तरी वहीच्या नियमाप्रमाणे तेही तपासलं. दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये टीव्ही कल्पनेने नव्या फ्रेम भरतो. माणूस इथून तिथे गेला, तर मधल्या जागी तो कुठे असेल हे काढता येतं. ग्रेनचं तसं काढता येत नाही, कारण पुढच्या फ्रेममधला कण हा आधीच्या कणाचा प्रवास नसतोच, तो नवाच असतो. त्यामुळे नायक चालताना त्याच्याभोवती ग्रेन फरफटल्यासारखा दिसायचा आणि तो थांबला की सगळीकडे एकदम परत यायचा. बंद केल्यावर ग्रेन सर्वत्र सारखा पसरला, आणि सारखा पसरलेला ग्रेन डोळ्याला त्रास देत नाही. खुपतं ते त्याचं कमीजास्त होणं.

इथवर आल्यावर कळलं की मी जे एकेक करून बंद केलं ते बहुतेक सगळं 'फिल्ममेकर मोड' या एका बटणात होतं. यूएचडी अलायन्स या टीव्ही कंपन्या आणि स्टुडिओंच्या संघटनेने २०१९ मध्ये जाहीर केलेला हा मोड मोशन स्मूदिंग, नॉइज रिडक्शन आणि वाढीव शार्पनेस बंद करतो आणि पांढरा रंग सिनेमा तयार होताना धरतात त्या डी६५ मानकावर आणतो. पहिल्या दिवशी मी तो लावून पाहिला होता आणि पिवळट, मंद वाटला म्हणून लगेच सोडून दिला होता. निळसर पांढऱ्याची सवय असलेल्या डोळ्याला तसंच वाटतं. आठवडाभराने तो पिवळा वाटेनासा होतो. तुमच्या टीव्हीत तो असेल तर सुरुवात तिथूनच करा. माझे तीन आठवडे मात्र वाया गेले असं मला वाटत नाही, कारण कोणत्या बटणाने काय होतं हे आता मला ठाऊक आहे, आणि हा मोड नसलेल्या टीव्हीपुढेही मला तेच करता येईल.

मग एका रात्री सगळं पुन्हा बिघडलं. एक जुना रंगीत सिनेमा मूळ निगेटिव्हवरून नव्याने साफ करून ४के एचडीआरमध्ये, म्हणजे उजळ भाग जास्त प्रखर दाखवणाऱ्या प्रकारात, आला होता. तो लावला, तर मुंग्या पूर्ण ताकदीने हजर. वहीतला एकही आकडा लागू नव्हता. टीव्ही साध्या चित्राची सेटिंग्ज एका खणात ठेवतो, एचडीआरची दुसऱ्या, डॉल्बी व्हिजन या एचडीआरच्याच एका प्रकाराची तिसऱ्या, आणि हे खण उघडतात तेव्हाच, जेव्हा त्या प्रकारचं चित्र पडद्यावर चालू असतं. एचडीआरचा खण मी उघडलाच नव्हता. सिनेमा चालू ठेवून सगळं परत केलं. तिथे एक जास्तीचा पर्याय होता, 'डायनॅमिक टोन मॅपिंग'. तो प्रत्येक प्रसंग आपल्या मर्जीने उजळतो. त्याने ढगांतला ग्रेन चांदण्यांसारखा चमकत होता. बंद केल्यावर बराच शांत झाला. थोडा जास्त राहिला, तो मी राहू दिला. एचडीआरमध्ये उजळ भागांना साध्या चित्राच्या कितीतरी पट प्रकाश मिळतो, म्हणून तिथला ग्रेन ठळक दिसणारच.

तोच सिनेमा इंटरनेटवरून पाहिला तर ग्रेन कमी दिसला, आणि तरी चित्र वाईट दिसलं. याचा मी बराच विचार केला. चित्राची फाइल लहान करणारी पद्धत 'मागच्या फ्रेमसारखंच, फक्त हे एवढं बदललं' या तत्त्वावर चालते. ग्रेन प्रत्येक फ्रेममध्ये सगळाच बदलतो, म्हणून तो साठवायला फार महाग पडतो. ४के डिस्कवर सेकंदाला १०० मेगाबिटच्या वरही जाता येतं. स्ट्रीमिंगचं ४के बहुधा १५ ते २५ मेगाबिटच्या आसपास असतं. एवढ्यात ग्रेन मावत नाही, मग त्याचे गोळे होतात, चिखलासारखे सरकतात, सावल्यांत चौकोन उमटतात. २०१८ मध्ये आलेल्या एव्ही१ पद्धतीत यावर एक सुंदर तोड आहे. पाठवण्याआधी ग्रेन काढून घेतात, त्याचं वर्णन तेवढं बरोबर पाठवतात आणि पाहणाऱ्याच्या यंत्रात तसाच ग्रेन नव्याने तयार करून चित्रावर पसरतात. म्हणजे ज्यांचा रोजचा धंदाच चित्र लहान करण्याचा आहे त्यांनाही ग्रेन टाकून देणं परवडलं नाही. काही दिग्दर्शक डिजिटल कॅमेऱ्याने घेतलेल्या चित्रावरही मुद्दाम ग्रेन चढवतात, तेव्हा नव्या सिनेमात तो दिसला तर टीव्हीला दोष देण्याआधी हेही ध्यानात ठेवावं.

या चिखलासाठी मात्र मी नॉइज रिडक्शनला परत बोलावलं. आईच्या काही जुन्या मालिका फार कमी प्रतीच्या रेकॉर्डिंगमध्येच उरल्या आहेत. त्यांत फिल्मचा ग्रेन असा राहिलेलाच नाही, आहेत ते चौकोन आणि डास. त्या इनपुटवर एमपेग नॉइज रिडक्शन 'कमी'वर ठेवलं. चौकोनांच्या कडा विरघळतात आणि चेहरा शाबूत राहतो. 'मध्यम'वर नेलं की मेण सुरू होतं. प्रत्येक इनपुटला वेगळी सेटिंग्ज ठेवता येतात याचा असा उपयोग झाला.

उरली बसायची जागा. ६५ इंची पडद्याची रुंदी डोळ्यापुढे ३० अंशांच्या कोनात बसवायची तर सुमारे २.७ मीटर मागे बसावं लागतं, ४० अंशांत साधारण २ मीटर. आम्ही २ मीटरवर होतो. खुर्च्या हात-दीड हात मागे सरकवल्या आणि टीव्हीच्या मागे भिंतीवर पडेल असा एक मंद पांढरा दिवा लावला. अंधारात एकट्या चमकणाऱ्या पडद्यावर डोळा ताणला जातो, तो ताण गेला. मला वाटतं, शार्पनेसच्या खालोखाल सगळ्यांत जास्त फरक या खुर्च्यांनी पडला.

शेवटी आईला बसवलं. तिला काहीही न सांगता खिडकीचा प्रसंग तीन वेळा दाखवला: एकदा टीव्ही जसा आला होता तसा, एकदा नॉइज रिडक्शन 'जास्त'वर, एकदा वहीतल्या शेवटच्या आकड्यांवर. क्रम उलटसुलट करून दोन दिवस केलं. पहिल्याला ती दोन्ही दिवस "नको" म्हणाली. मेणाच्या चित्राला पहिल्या दिवशी "छान आहे", दुसऱ्या दिवशी "याला काय झालंय, आजारी आहे का हा?" तिसऱ्याकडे ती बराच वेळ पाहत राहिली.

"मुंग्या गेल्या का गं?" मी विचारलं.

"आहेत की. पण आता चालत नाहीत, बसल्यात."

एक जागा मात्र कशानेच सुधारली नव्हती. एक दृश्य विरघळत दुसऱ्यात मिसळतं, तिथे काही सेकंद ग्रेन एकदम दाट होतो. सुरुवातीला मला वाटलं की माझं काहीतरी राहिलंय, आणि त्या पायी दोन संध्याकाळी मी सगळे आकडे परत तपासले. कारण फिल्ममध्येच होतं. त्या काळी असं विरघळणं ऑप्टिकल प्रिंटरवर करत. दोन्ही दृश्यं पुन्हा एका नव्या फिल्मवर चित्रित करायची आणि तो तुकडा मूळ निगेटिव्हमध्ये जोडायचा. जुन्या फिल्मचा ग्रेन आणि त्यावर नव्या फिल्मचा ग्रेन, म्हणून तो तेवढाच तुकडा जाड दिसतो. जोड मिसळणं सुरू व्हायच्या थोडा आधी असतो, त्यामुळे दृश्य अजून जसंच्या तसं असतं आणि पोत मात्र बदललेला असतो.

हे मी आईला एकदा दाखवलं, थांबवून, जोडाच्या अलीकडची आणि पलीकडची फ्रेम. तिने चष्मा वर करून नीट पाहिलं. परवा आम्ही दुसराच एक सिनेमा पाहत होतो. नायिका पत्र वाचत बसली होती, काहीच घडत नव्हतं.

"आता सीन बदलणार बघ," आई म्हणाली. "मुंग्या वाढल्या."

आणि पत्रावर हळूहळू समुद्र उमटायला लागला.